बोगदा खणण्याआधी दार वाजवावं लागतं

शहराच्या पोटातून मोठी मलवाहिनी न्यायची ठरली की दोन कामं एकदम उभी राहतात. एक जमिनीखालचं: माती तपासायची, शाफ्ट म्हणजे खोल उभे खड्डे खोदायचे, बोगदा पाडायचा. दुसरं जमिनीवरचं: त्या शाफ्टच्या शेजारी राहणाऱ्या, तिथं दुकान चालवणाऱ्या, तिथूनच मुलांना शाळेत पोहोचवणाऱ्या माणसांशी वर्षानुवर्षं बोलत राहायचं. पहिल्या कामाला नकाशे, निविदा, वेळापत्रक असं सगळं मिळतं. दुसऱ्याच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी एक फलक येतो: ‘काम चालू आहे, सहकार्य करा.’

लंडनच्या टेम्स टाइडवे बोगद्याच्या वेळी या दुसऱ्या कामालाही आराखडा होता, माणसं नेमलेली होती आणि कायद्याचं बंधनही होतं. ती व्यवस्था कशी चालत होती, हे टप्प्याटप्प्यानं पाहू. तिच्यात जे जमलं त्यातून शिकता येतं आणि जे जमलं नाही त्यातूनही.

बोगदा कशासाठी?

१८५८च्या उन्हाळ्यात टेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली की काठावरच्या पार्लमेंटचं कामकाज चालवणं अवघड झालं. त्यानंतर जोसेफ बॅझलजेट या अभियंत्यानं लंडनखाली विटांच्या भक्कम मलवाहिन्यांचं जाळं बांधलं. ते आजही वापरात आहे. या वाहिन्यांतून मैला आणि पावसाचं पाणी एकत्र वाहतं. पाऊस जोराचा झाला की वाहिनी तुडुंब भरते आणि ते पाणी घराघरांत उलटू नये म्हणून ठरावीक तोंडांतून थेट नदीत सोडलं जातं. बॅझलजेटनं सुमारे ४० लाख लोकांचा हिशेब धरला होता. आज लंडनची लोकसंख्या ९० लाखांच्या आसपास आहे. त्यामुळे जी तोंडं क्वचित उघडावीत अशी अपेक्षा होती, ती साध्या पावसातही वाहू लागली. नव्या बोगद्यांची आखणी झाली तेव्हा एका सर्वसाधारण वर्षात सुमारे ३.९ कोटी टन मैलामिश्रित पाणी टेम्समध्ये जात असल्याचा हिशेब मांडला गेला होता.

त्यावरचा मुख्य उपाय म्हणजे पश्चिमेच्या अ‍ॅक्टनपासून पूर्वेच्या अ‍ॅबी मिल्सपर्यंत जाणारा २५ किलोमीटर लांबीचा, सुमारे ७ मीटर व्यासाचा बोगदा. पश्चिमेला तो जवळपास ३० मीटर खोल आहे. उतरत उतरत पूर्वेला तो ६५ मीटरांच्या आसपास पोहोचतो. नदीत उघडणारी ३४ त्रासदायक तोंडं या बोगद्यानं काबूत आणायची होती. अ‍ॅबी मिल्सपासून पुढे ली टनेल नावाचा आधीच बांधलेला बोगदा हे पाणी बेक्टनच्या शुद्धीकरण केंद्रात नेतो.

मार्ग शक्यतो नदीच्या पात्राखालून आखला, म्हणजे वर घरं कमी आणि धोका कमी. पण बोगदा नदीखाली असला तरी तो खणणारी माणसं, यंत्रं आणि निघणारी माती वरूनच ये-जा करणार. त्यासाठी भरवस्तीत, नदीकाठी २४ ठिकाणी कामाच्या जागा लागल्या. काही जागी काम सहा-सात वर्षं चालणार होतं. तिथं जन्मलेलं मूल शाळेत जाऊ लागेपर्यंत शेजारी शाफ्ट उघडा राहणार होता. म्हणून लोकसंपर्काचा सगळा प्रश्न या २४ जागांभोवती फिरतो.

पहिली पायरी: कसं विचारायचं, हेच आधी विचारायचं

ब्रिटनच्या २००८च्या नियोजन कायद्यानुसार तेव्हा एवढ्या मोठ्या प्रकल्पाला परवानगीचा अर्ज करण्याआधीच लोकांशी सल्लामसलत करावी लागे. या कायद्यात एक फार शहाणपणाची तरतूद होती. सल्लामसलत कशी करणार याचं निवेदन प्रकल्पकर्त्याला आधी तयार करावं लागे आणि त्या निवेदनावर स्थानिक कौन्सिलांचं, म्हणजे तिथल्या पालिकांचं, मत घ्यावं लागे. सभा कुठं घ्यायच्या, पत्रकं कुठल्या भागात वाटायची, कागदपत्रं कुठं पाहायला ठेवायची, हे त्या परिसराची माहिती असलेल्यांना विचारून ठरे. आडबाजूच्या सभागृहात, कामाच्या वेळी सभा घेऊन ‘कोणी आलंच नाही’ असं म्हणायची सोय त्यामुळे कमी होई.

दुसरी तरतूद त्याहून महत्त्वाची. अर्जासोबत सल्लामसलतीचा अहवाल जोडावा लागे. लोक काय म्हणाले, त्यातून आम्ही काय बदललं आणि काय स्वीकारलं नाही तर का, हे त्यात लिहावं लागे. सल्लामसलत पुरेशी झाली की नाही हे कौन्सिलांना पुन्हा विचारलं जाई. ती अपुरी ठरली तर अर्ज दाखलच करून न घेण्याचा अधिकार नियोजन निरीक्षणालयाला होता.

टाइडवेसाठी ही सल्लामसलत दोन मोठ्या फेऱ्यांत झाली: पहिली सप्टेंबर २०१० ते जानेवारी २०११ आणि दुसरी नोव्हेंबर २०११ ते फेब्रुवारी २०१२. पहिल्या फेरीत पश्चिमेकडची एक मोठी जागा बार्न एल्म्सच्या हिरव्या मैदानांवर दाखवली होती आणि पूर्वेकडची रॉदरहाइथच्या किंग्ज स्टेअर्स गार्डन्स या बागेत. दोन्हीकडे लोक विरोधात उठले. दुसऱ्या फेरीपर्यंत या दोन्ही मुख्य जागा बदलल्या होत्या. बार्न एल्म्सऐवजी फुलहॅममधला कार्नवाथ रोड आला आणि बागेऐवजी बर्मंडसीतली चेंबर्स वॉर्फ ही जुन्या गोदामांची मोकळी जागा.

लोक बोलले की नकाशा बदलतो, हे यातून सिद्ध झालं. पण दुसरंही दिसलं. बाग वाचली, पण ओझं नाहीसं झालं नाही. ते दुसऱ्या वस्तीच्या दारात गेलं. कार्नवाथ रोड आणि चेंबर्स वॉर्फच्या शेजारी राहणाऱ्यांना पहिल्या फेरीत आपला संबंध आहे असं वाटलंच नसेल. म्हणून सल्लामसलत एकदा करून भागत नाही. जागा बदलली की नव्या शेजाऱ्यांपासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

दुसरी पायरी: शब्दाला कायद्याचं बळ

फेब्रुवारी २०१३मध्ये अर्ज गेला, सहा महिने जाहीर तपासणी झाली आणि सप्टेंबर २०१४मध्ये सरकारनं मंजुरीचा आदेश काढला. या आदेशाला अटी जोडलेल्या असतात आणि त्या मोडणं हा कायद्यानं गुन्हा आहे. अटींमध्ये बांधकामाची आचारसंहिता होती. तिचा एक भाग सगळ्या जागांना लागू आणि दुसरा भाग प्रत्येक जागेपुरता स्वतंत्र. अमुक रस्त्यावर ट्रक कुठून वळतील, कुंपण किती उंच असेल, दिव्यांचा उजेड कुणाच्या खिडकीत पडणार नाही, अशा गोष्टी या दुसऱ्या भागात येतात.

कामाच्या वेळा हे सर्वांत सोपं उदाहरण. नेहमीच्या कामासाठी सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते संध्याकाळी ६ आणि शनिवारी सकाळी ८ ते दुपारी १. मुख्य बोगदा खणण्याचं काम मात्र मध्येच थांबवता येत नाही, म्हणून त्याला चोवीस तासांची परवानगी. कुठलं काम कुठल्या गटात बसतं हे आधीच लिहिलेलं होतं. त्याशिवाय १९७४च्या प्रदूषण नियंत्रण कायद्याखाली कंत्राटदार स्थानिक कौन्सिलकडून आवाजाची आगाऊ संमती घेतात: कुठली यंत्रं, किती वेळ, आवाज कमी करण्यासाठी काय उपाय.

रहिवाशाच्या दृष्टीनं याचा अर्थ फार मोठा आहे. शनिवारी दुपारी तीन वाजता ड्रिल सुरू झालं तर त्याला कुणाच्या विनवण्या कराव्या लागत नाहीत. नियम कुठं लिहिलाय हे त्याला माहीत असतं आणि समोरच्या अभियंत्यालाही. बोलणं मेहेरबानीचं राहत नाही, हक्काचं होतं.

तिसरी पायरी: खणण्याआधी घर पाहायचं

बोगदा किंवा शाफ्ट खणला की आजूबाजूची जमीन किंचित खचू शकते. बहुतेक ठिकाणी हे खचणं काही मिलिमीटरांत असतं आणि इमारतीला धोका नसतो. पण भिंतीला तडा दिसला की तो जुना की नवा, यावर वाद ठरलेला. त्यावर उपाय साधा आहे. ज्या इमारतींखाली किंवा जवळून काम जाणार, त्यांची आधीच पाहणी करायची, आतून-बाहेरून छायाचित्रं काढायची, असलेल्या भेगांची नोंद करायची आणि ती प्रत घरमालकालाही द्यायची. दोन्ही पक्षांकडे एकच पुरावा असला की निम्मे वाद उगवतच नाहीत.

आवाजाचंही तसंच. कुठल्या घराशी किती आवाज पोहोचेल याचा अंदाज गणितानं आधी काढता येतो. ब्रिटनमधल्या मोठ्या बांधकामांत त्यासाठी उंबरठे ठरलेले असतात. घराच्या बाहेरच्या भिंतीशी कामाचा सरासरी आवाज दिवसा ७५ किंवा रात्री ५५ डेसिबलच्या वर जाणार असेल, आणि तसं पंधरापैकी दहा दिवस किंवा सहा महिन्यांत चाळीस दिवस घडणार असेल, तर त्या घराला खिडक्यांचं आवाजरोधन मिळतं. आवाज त्याहूनही वरच्या पातळीला गेला तर कुटुंबाची काही काळ दुसरीकडे राहण्याची सोय करावी लागते. टाइडवेमध्ये अशा घरांसाठी आधीच कृतियोजना बनवल्या गेल्या: या घराला दुहेरी काच लागेल, त्या घराला हवा खेळती ठेवणारं यंत्रही लागेल, कारण खिडकी बंद ठेवायला सांगितली तर श्वास घ्यायला हवा कुठून येणार?

आकड्यांत न बसणारी माणसंही असतात. रात्रपाळी करून दिवसा झोपणारी परिचारिका, घरी अंथरुणाला खिळलेला रुग्ण, घरातूनच व्यवसाय करणारा माणूस. अशांनी आपली परिस्थिती मांडली तर तिचा वेगळा विचार करण्याची सोय धोरणात होती. नाइन एल्म्सजवळ नदीत बोटींवर कायम राहणारी कुटुंबं होती. घरासाठी आखलेला उपाय बोटीला जसाच्या तसा लागू पडत नाही. धोरण लिहिताना सरासरी घर डोळ्यांपुढे असतं, पण दार वाजवलं की प्रत्यक्षातलं घर दिसतं. घरोघरी जाण्याला पर्याय नसतो तो याचसाठी.

चौथी पायरी: रोजचं बोलणं

काम सुरू झाल्यावर लोकसंपर्काचं रूप बदलतं. आता भव्य सादरीकरणं नकोत, उद्या सकाळी काय होणार ते हवं. टाइडवेचं बांधकाम पश्चिम, मध्य आणि पूर्व अशा तीन भागांत वेगवेगळ्या कंत्राटदार गटांकडे होतं. पण रहिवाशाला त्याच्याशी काय देणंघेणं? त्याच्यासाठी चोवीस तास चालणारी एकच हेल्पलाइन होती. फोन कुठल्या भागातून आला ते पाहून तो योग्य माणसाकडे पोहोचवणं ही प्रकल्पाची जबाबदारी. ‘हे आमच्याकडे येत नाही, त्यांना विचारा’ हे वाक्य लोकसंपर्काचा जीव घेतं. एकच नंबर ठेवण्यामागे ते वाक्य उच्चारायची वेळच येऊ नये, हा विचार असतो.

त्याखेरीज कामाच्या जागांसाठी संपर्क गट होते. त्यात आसपासचे रहिवासी, शाळा किंवा संस्थांचे प्रतिनिधी, कौन्सिलचे अधिकारी आणि कंत्राटदाराची माणसं एकत्र बसत. मागच्या काळात काय झालं, पुढे काय होणार, तक्रारी किती आल्या, त्यांचं काय झालं, असा हिशेब तिथं मांडला जाई. अशा बैठकीचं खरं मोल इतिवृत्तात असतं. गेल्या वेळी दिलेलं आश्वासन पुढच्या वेळी वाचून दाखवता येतं.

घरोघरी जाणाऱ्या पत्रकाचीही एक शिस्त असते. चांगल्या पत्रकात पाच गोष्टी असतात: काय काम, कुठल्या तारखांना, किती वाजता, तुम्हाला काय जाणवेल आणि अडचण आली तर कुणाला फोन करायचा. ‘तांत्रिक कारणास्तव काही गैरसोय संभवते’ या वाक्यात यातलं एकही नसतं. ‘मंगळवारपासून तीन आठवडे दिवसा पाइल ठोकण्याचा आवाज येईल, दुपारच्या जेवणाच्या वेळी काम थांबेल’ असं सांगितलं की माणूस आपला दिवस आखू शकतो. आवाज तेवढाच राहतो, पण तो अंगावर येत नाही.

शेजारी म्हणजे फक्त घरं नव्हेत. पटनीला नदीकाठी रोइंगचे क्लब पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांचा बोटी उतरवण्याचा उतार कामाखाली जाणार होता, म्हणून आधी पर्यायी तात्पुरता उतार बांधला आणि मग काम सुरू केलं. पर्याय आधी, अडथळा नंतर हा क्रम फुटपाथ, बसथांबा, शाळेची वाट, सगळ्यांनाच लागू पडतो.

पाचवी पायरी: तक्रार अडली तर

सगळी दक्षता घेऊनही तक्रारी येतातच. खरी कसोटी लागते ती उत्तर न पटल्यावर पुढे काय, या प्रश्नाशी. टाइडवेमध्ये यासाठी प्रकल्पाच्या बाहेरच्या तीन व्यवस्था होत्या. पहिली, मोफत सल्ला देणारी स्वतंत्र सेवा: धोरणाची भाषा किचकट असते, आपल्याला काय मागता येईल हे सामान्य माणसाला कोणीतरी समजावून द्यावं लागतं. दुसरी, नुकसानभरपाई आणि उपाययोजनांचे अर्ज तपासणारं स्वतंत्र मंडळ. तिसरी, प्रकल्पाच्या उत्तरानं समाधान न झालेल्यांसाठी स्वतंत्र तक्रार आयुक्त.

या व्यवस्थांचा खर्च प्रकल्पच करतो, पण निवाडा प्रकल्पाचे अधिकारी करत नाहीत. ज्याच्यामुळे त्रास होतो त्यानंच त्रास किती हे ठरवायचं, तर कितीही नम्र माणूस हेल्पलाइनवर बसवला तरी विश्वास बसत नाही. तिऱ्हाईत माणूस असला की निकाल विरुद्ध गेला तरी आपलं ऐकून घेतलं एवढं तरी समाधान उरतं.

माती नदीतून, नावं लोकांकडून

लोकसंपर्क फक्त बोलण्यातून होत नाही, अभियांत्रिकी निर्णयांतूनही होतो. इतक्या मोठ्या बोगद्यातून लाखो टन माती निघते. ती ट्रकनं नेली असती तर अरुंद रस्त्यांवर सतत रांग लागली असती आणि सायकलस्वारांना धोका वाढला असता. म्हणून मुख्य बोगद्याची बहुतेक माती बार्जमधून नदीवाटे नेली गेली. गोव्यात मांडवी-झुआरी नद्यांतून खनिज वाहणारे बार्ज पाहिलेल्यांच्या डोळ्यांपुढे हे चित्र लगेच येईल. चेंबर्स वॉर्फ आणि कार्नवाथ रोडसारख्या जागी शाफ्टवर आवाज अडवणाऱ्या मोठ्या शेड उभारल्या. शेजाऱ्यांना दिलेल्या शब्दाची अशी उभी खूण कुठल्याही पत्रकापेक्षा जास्त बोलते.

बोगदा खणणाऱ्या सहा यंत्रांना नावं द्यायची होती, तीही लोकांच्या मतदानानं ठरली. कामाच्या परिसराशी नातं असलेल्या कर्तबगार स्त्रियांची नावं पुढे ठेवली होती. मताधिकारासाठी लढलेल्या मिलिसंट फॉसेट आणि शार्लट डेस्पार्ड, अभियंता रेचल पार्सन्स, बर्मंडसीत गरिबांसाठी दवाखाना काढणाऱ्या डॉक्टर सेलिना फॉक्स, ग्रीनिचच्या वेधशाळेत काम केलेल्या खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅनी स्कॉट डिल रसेल यांच्यासारख्यांची नावं यंत्रांना मिळाली. त्या निमित्तानं मुलांना आपल्याच गल्लीचा इतिहास कळला. काम संपल्यावर काही शाफ्टच्या डोक्यावर नदीकाठी नव्या सार्वजनिक जागा तयार झाल्या. वर्षानुवर्षं कुंपण सोसलेल्यांना बदल्यात बसायला एक मोकळा काठ मिळाला.

या गोष्टी मोलाच्या आहेत, पण त्यांचा क्रम शेवटचा आहे. रात्रीची झोप मोडलेल्या माणसाला यंत्राचं नाव सुचवायला बोलावलं तर तो चिडणारच. आधी काच बसवायची, मग नावाचं विचारायचं.

जे जमलं नाही

चेंबर्स वॉर्फच्या रहिवाशांनी आणि साउथवर्क कौन्सिलनं शेवटपर्यंत या जागेला विरोध केला. त्यांची एक मागणी होती की पूर्वेकडचा बोगदा अ‍ॅबी मिल्सकडून खणत इकडे आणावा. म्हणजे माती तिकडे निघेल आणि इथं यंत्र फक्त बाहेर येईल. ती मान्य झाली नाही. बोगदा चेंबर्स वॉर्फवरूनच खणला गेला आणि घरं-शाळांच्या गर्दीत अनेक वर्षं काम चाललं. उत्तम संपर्कव्यवस्थेनं तो त्रास कमी केला असेल, नाहीसा केला नाही. निर्णय वस्तीच्या विरुद्ध गेला असेल तेव्हा नंतरच्या सौजन्यानं त्याची पूर्ण भरपाई होत नाही. हे मान्य करूनच अशा व्यवस्थेचं मोल करायला हवं.

फेब्रुवारी २०२५मध्ये शेवटची जोडणी पूर्ण झाली आणि संपूर्ण बोगदा वापरात आला. टेम्समध्ये जाणारा मैला आता मोठ्या प्रमाणात अडतो. तो अडावा म्हणून २४ जागांच्या शेजाऱ्यांनी जे सोसलं, ते सगळ्या शहरासाठी होतं.

आपण काय मागायचं?

आपल्या शहरांतही मलवाहिन्या आणि बोगदे होणार आहेत, व्हायलाच हवेत. आपल्याकडे कायद्याचा आधार अगदीच नाही असं नाही. पर्यावरणीय परवानगी लागणाऱ्या अनेक प्रकल्पांसाठी २००६च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५च्या कायद्यातलं चौथं कलम सांगतं की लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सर्व महत्त्वाची माहिती सरकारी यंत्रणेनं स्वतःहून प्रसिद्ध करावी. कोणी अर्ज करण्याची वाट पाहायची नाही.

जनसुनावणी एका दिवसाची असते, खोदकाम वर्षानुवर्षांचं. मधला सगळा काळ भरून काढायचा तर आपल्या प्रभागात काम सुरू होण्याआधी पाच गोष्टी मागाव्यात. कामाच्या वेळा आणि नियम लेखी कुठं आहेत? माझ्या घराची आधीची पाहणी कोण करणार आणि तिची प्रत मला मिळणार का? रात्री दोन वाजता फोन केला तर कोण उचलेल? दर महिन्याला आमच्यासमोर बसून मागच्या आश्वासनांचा हिशेब कोण देईल? आणि आमचा वाद झाला तर निवाडा करणारा माणूस कंत्राटदार आणि महापालिका या दोघांच्याही बाहेरचा असेल का?

यातला शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि सर्वांत आधी विचारण्याजोगा. पहिल्या चारांची उत्तरं यंत्रणा मनात आणलं तर महिन्याभरात देऊ शकते. पाचव्यासाठी तिला आपल्या हातातली थोडी सत्ता सोडावी लागते. ती सोडायची तयारी निविदेच्या कागदातच दिसली, त्यासाठी निविदेत पैसे राखलेले असले, तर समजावं की शेजारी राहणाऱ्या माणसालाही या कामात मोजलेलं आहे.